रुख्मिणीच्या नावावरच्या गोळ्या

सरकारी दवाखान्यात बाई कधी खरं दुखणं घेऊन येत नाही, हे मला नोकरीच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. ती कंबर घेऊन येते, डोकं घेऊन येते, नाहीतर लेकराचा खोकला घेऊन येते. लेकराला औषध देऊन झालं, चिठ्ठी हातात पडली, की दारापर्यंत जाऊन परत वळते आणि खालच्या आवाजात म्हणते, "बाई, अजून एक सांगाचं होतं." ते अजून एक म्हणजे खरं दुखणं. तोवर तिच्या मागे वीस बाया ताटकळत असतात आणि माझं डोकं उठलेलं असतं.

मी शैलजा. खामगावच्या एका कारकुनाची मुलगी, नागपूरला नर्सिंग शिकलेली. लग्न झालेलं नव्हतं, आणि त्याची काळजी माझ्यापेक्षा गावालाच जास्त होती. आमचं केंद्र डोणगावच्या अलीकडच्या एका गावात होतं. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून मला ओळखतात. साल सहासष्ट. महाराष्ट्र होऊन सहा वर्षं झाली होती, पण आमच्या केसपेपरांवर अजून 'मुंबई राज्य' छापलेलं असायचं, कारण जुना साठा संपेपर्यंत तोच वापरायचा हुकूम होता. सुरुवातीला मी ते खोडून वर शाईने 'महाराष्ट्र' लिहायचे. पुढे कंटाळले आणि सोडून दिलं.

केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि ओसरी. एक डॉक्टर, एक मी, आणि झाडण्यापासून बाळंतपणापर्यंत सगळ्यात हात घालणारी गोजरबाई. डॉक्टर भला माणूस. पण पुरुष डॉक्टरपुढे एकही बाई निजायला तयार व्हायची नाही, आणि त्यांनीही कधी हट्ट धरला नाही. "बाई, तुम्हीच बघा आणि सांगा, मी लिहून देतो," म्हणायचे. म्हणजे बाईच्या पोटातलं डॉक्टरांपर्यंत पोचायचं ते माझ्या तोंडून. माझ्यापर्यंत जे पोचलं नाही ते कुठेच पोचलं नाही.

त्यात ते साल लूपचं, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून बाईला आतून बसवायच्या साधनाचं. वरून आकडा यायचा, एवढ्या बायांना लूप बसवा. आम्ही बसवले. मग त्याच बाया रक्त जातं म्हणून रडत यायच्या. मला दिवसभर तेच ऐकू यायचं, लय जातं बाई, थांबत नाही बाई. सुरुवातीला मी प्रत्येकीचा हात धरून ऐकायचे. आषाढ लागेपर्यंत माझे कान बधिर झाले होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सांगायचं ते सांगतेच आहे.

रुख्मिणी पहिल्यांदा आली ती आषाढात. नदीपलीकडच्या खेड्यातली, चार मैल चिखल तुडवत आलेली, कडेवर दोन वर्षांची मुलगी. चोवीस-पंचवीस वर्षांची, हाडापेराने मजबूत बाई. चार मैल लेकरू घेऊन चालली तरी धाप नाही. खाली बघून तिने सगळं पाठ केल्यासारखं सांगितलं.

"रक्त जाते बाई. दोन दिस थांबते, मंग अजून सुरू होते. पांढरंही जाते. कंबर तं अशी ठणकते का बसता येत नाही."

"लूप बसवलेला आहे का?"

"नाही."

"किती दिवस झाले?"

"तीनक महिने असन."

"चल आत, बघू दे."

ती एकदम मागे सरकली. "आज नाही बाई. बाहेरची हावो मी."

आमच्याकडे एवढं म्हटलं की बोलणं संपतं. बाहेरची आहे म्हणजे विटाळशी आहे, शिवायचं नाही, ती घरात बाजूला बसणार, चौथ्या दिवशी न्हाणार आणि मग चुलीला हात लावणार. दवाखान्याला खरं तर विटाळ नसतो. मी बायांना शंभर वेळा ते सांगितलं होतं. पण त्या दिवशी ओसरीवर चाळीसएक बाया होत्या आणि टेबलावरची एकुलती एक चादर आधीच धुवायला गेली होती. मी नुसती तिची पापणी खाली ओढून बघितली. पापणी लालभडक होती.

तीन महिने रक्त जाणाऱ्या बाईची पापणी पांढरी पडते. हे शिकायला नागपूरला जावं लागत नाही, गोजरबाईलाही ठाऊक होतं. मी बघितलं, माझ्या लक्षात आलं, आणि मी पुढच्या बाईला हाक मारली. रुख्मिणीच्या नावाने केसपेपर निघाला, डॉक्टरांनी माझ्या सांगण्यावरून रक्त थांबायचं औषध आणि लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या, आणि ती गेली.

श्रावणात ती परत आली. पुन्हा तेच, पुन्हा बाहेरची. आता पाण्याला वास येतो म्हणाली. भादव्यात आली तेव्हा पायावर सूज येते म्हणाली. मी खाली बघितलं, तर चिखलाने भरलेले पाय नांगराच्या दांडीसारखे सरळ. मी म्हटलं, "कुठे आहे सूज?" ती म्हणाली, "सकाळी राह्यते बाई, आता उतरली." मी गोळ्या दिल्या. गोजरबाई ती गेल्यावर पुटपुटली, "हे बाई बिमार नाही दिसत मले." मी तिच्यावरच खेकसले, तुला काय कळतं म्हणून. अश्विन आणि कार्तिकातही ती येऊन गोळ्या घेऊन गेली. पाच वेळा. पाचही वेळा बाहेरची, पाचही वेळा पापणी लाल.

मग मार्गशीर्षात तिचा नवरा आला.

उद्धव त्याचं नाव. सहा फुटी, डोक्याला टापर, हातात काठी. तो ओसरीवर चढला तसा बाया पदर सावरून बाजूला झाल्या. त्याने नमस्कार वगैरे काही केला नाही. सरळ म्हणाला, "नर्सबाई तुमीच न? रुख्मिणी नावाची बाई येते तुमच्यापाशी. तिचा कागद पाह्यजे मले."

"कसला कागद?"

"लिहून द्या का हे बाई संसाराच्या कामाची नाही. महिन्यातले वीस दिस ते ढोराच्या कोठ्यात दूर बसून राह्यते. माही माय बुढी झाली, तिच्या पायावर सूज हाय, तरी सैपाकपाणी सारं तिच्यावर. पाच महिने झाले तुमच्या गोळ्या खाऊन राह्यली, काही फरक नाही. मी तिले तिच्या बापाच्या घरी नेऊन घालतो. बाप इचारन, तं त्याले दाखवाले सरकारी कागद पाह्यजे."

"आणि मग दुसरी करणार?"

त्याने नजर काठीकडे वळवली. म्हणजे करणार. कायद्याने तशी बंदी होऊन दहा-अकरा वर्षं झाली होती, पण नदीपलीकडे तो कायदा अजून पोचायचा होता.

माझं टाळकं सणकलं. एरवी मी गावात जरा शुद्ध बोलते, नागपूरच्या शाळेची ती सवय. चिडले की मात्र माझ्या आजीची भाषा तोंडात येते. "कागद काऊन पाह्यजे रे तुले? बैल हाय का ते, दाखला घेऊन इकाले? उद्या मी घरी येतो. तिले तपासतो. मंग काय लिहाचं ते लिहितो."

तो गेला. मी तशीच बसून राहिले. राग त्याचा आला होता की माझा, हे तेव्हा धड कळलं नाही. मी तिचा केसपेपर काढून बघितला. पाच ओळी, पाचही सारख्या. तपासलं, असं कुठेच लिहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन निघाले. नदीला गुडघाभर पाणी होतं. पलीकडे ज्वारी पोटऱ्यात आली होती आणि पाऊलवाटेने चालताना पानं हाताला कापत होती. मला त्या दिवशी काहीच छान वाटत नव्हतं. दोन रात्री बाळंतपणं झाली होती, डोळे चुरचुरत होते, आणि मनात एकच हिशेब होता, बाईला तपासायचं, काय निघेल ते डॉक्टरांना सांगायचं, आणि नवऱ्याला चार शब्द सुनवायचे.

घर चांगलं खातंपितं होतं. अंगणात कपाशीचा ढीग, दोन बैलजोड्या. सासरा पुंजाजी माळेचे मणी ओढत ओट्यावर बसलेला. रुख्मिणी कोठ्याच्या कडेला गोणपाटावर दूर बसली होती, मुलगी तिच्याकडे जायला रडत होती आणि उद्धव तिला धरून ठेवत होता. कुंपणावर धुतलेल्या जुन्या लुगड्याचे तुकडे वाळत होते. सासू चुलीपुढे होती. मनकर्णाबाई. पंचावन्नच्या आसपासची, रंग पिवळट मातीसारखा, भाकर थापताना दर दोन थापांनी थांबत होती.

मला बघून रुख्मिणी उठली आणि म्हणाली, "बाई, आज नका."

"आजच."

"बाहेरची हावो."

"असू दे. मी पण बाई आहे, मला कशाचा विटाळ होत नाही." मी तिचा दंड धरला आणि तिला आतल्या खोलीत नेलं, दार लोटलं, घोंगडी अंथरली. ती नको नको करत होती. मी दमले होते, आणि दमलेली माणसं दांडगाई करतात. मी तिला निजवलं.

काही नव्हतं. ना रक्त, ना वास, ना सूज. तिच्या वयाच्या बाईचं असावं तसं निरोगी अंग. पाचशे बायांत एखादीचं असतं तसं.

मी हातमोजे काढले. काय वाटलं ते खरं सांगते, मला फसवल्याचा संताप आला. माझ्या ओसरीवर खरोखर रक्ताने माखलेल्या बाया तासन्तास उभ्या राहायच्या आणि ही पाच महिने माझ्या गोळ्या फुकट नेत होती. "खोटं बोललीस," मी म्हटलं. "पाच महिने खोटं बोललीस माझ्याशी. काम चुकवायला कोठ्यात जाऊन बसतेस आणि म्हाताऱ्या सासूला चुलीपुढे बसवतेस. तो नवरा म्हणतो ते बरोबर आहे मग."

तिचे डोळे भरून आले आणि ते तिने पदराने पुसलेही नाहीत.

तेवढ्यात दार ढकलून मनकर्णाबाई आत आली. माझ्या हातावर घालायला तांब्यात गरम पाणी घेऊन आली होती. ती जवळ वाकली, पाणी ओतायला लागली, आणि मला वास आला.

तो वास वर्णन करून सांगता येत नाही, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांनी घेऊही नये. नागपूरच्या वॉर्डात शेवटच्या रांगेत चार खाटा होत्या, तिथे तो यायचा. तुळशीच्या पाण्याने अंग धुतलं, उदाची धुरी घेतली, तरी त्या खालून तो येतोच. मनकर्णाबाईने उदाची धुरी घेतली होती.

मी तिचं मनगट धरलं. तांब्या कलंडला. वर बघितलं, पापणी न ओढताच दिसत होतं, आतून पांढरीफटक.

"किती दिवस झाले?" मी तिला विचारलं.

ती सुनेकडे बघायला लागली. रुख्मिणी घोंगडीवर उठून बसली होती. तिने मान हलवली, नाही म्हणून. मी सांगतलं नाही, असं ती सासूला सांगत होती.

"मनकर्णाबाई, तुमचा विटाळ जाऊन किती वर्षं झाली?"

"आठ."

"आणि आता परत सुरू झालाय."

ती मटकन खाली बसली. मग जे बोलायला लागली ते थांबेना, आवाज मात्र बाहेर जाणार नाही एवढाच. "फागुनापासून बाई. पह्यले वाटलं दोन दिस जाईन मंग थांबन. थांबत नाही. ह्या वयात मी दूर बसाले लागली असती तं गावानं काय म्हटलं असतं? म्हातारपणी बुढीले काय सुचलं म्हणले असते. ह्यायले कोणत्या तोंडानं सांगू? माह्या बुढ्याले सांगू का लेकाले?"

"म्हणून सुनेला बसवलं, आणि तिच्या नावावर गोळ्या मागवून खाल्ल्या."

"कुंपणावरचे धडुते कोणाचे, हे कोणीतरी इचारनच न बाई. घरात दोनच बाया." ती पदराच्या टोकाला पीळ घालत होती. "पर सून दूर बसली तं सैपाक कोन करन? मलेच कराचा पडते. हे असे हात घेऊन मी नऊ महिन्यापासून साऱ्या घराले जेवू घालून राह्यली. माळकरी हायेत आमचे हे. सारं घर बाटवलं मी. देव्हाऱ्यापाशी गेली नाही एक डावही, गुडघे दुखते म्हणून ह्यायलेच दिवा लावाले लावते. पर अन्न? अन्नाचं पाप कुठी फेडू मी?"

मी रुख्मिणीकडे वळले. "आणि तू? तुला तो घराबाहेर काढायला निघालाय. तरी गप्प?"

"आत्याबाईनं पोरीच्या डोक्यावर हात ठुवून शप्पथ घातली होती." मग थोडं थांबून ती म्हणाली, "लग्न होऊन आली तवा पह्यल्या पोळ्याले मी पुरण वाटता वाटता पाट्यावरच बाहेरची झाली. सारं गाव जेवाले बसलं होतं. आत्याबाईनं पाह्यलं. एक शब्द बोलल्या नाही. सारं पुरण उचलून गाईपुढं टाकलं आन् म्हणे, मांजर शिवली, मीच झाकाचं इसरली. मामाजीनं त्यायले साऱ्यायपुढं बोल बोल बोललं. त्यायनं ऐकून घेतलं."

थोड्या वेळापूर्वी मी या मुलीला कामचुकार म्हटलं होतं.

पाणी उकळून आणायला लावलं, दुसरे मोजे काढले. मनकर्णाबाईला निजवलं तेव्हा तिने डोळ्यांवर पदर ओढून घेतला आणि रुख्मिणीचा हात धरला. तपासायला फार वेळ लागलाच नाही. बोटाला खडबडीत, टणक लागलं, एका जागी नव्हे, आजूबाजूलाही पसरलेलं, आणि हात लागताक्षणी रक्ताची धार लागली. मी मिडवाइफ होते, डॉक्टर नव्हते, पण त्या चार खाटा मी एक वर्ष सांभाळल्या होत्या.

"मनकर्णाबाई, हा विटाळ नाही," मी म्हटलं. "आत जखम झाली आहे. गाठ आहे. ती रक्त सोडते. नागपूरला जावं लागेल, मोठ्या दवाखान्यात, लगेच. मोठं दुखणं आहे हे."

तिने तोंडावरून पदर काढला. "इटाळ नोहे?"

"नाही."

"बोट कापलं तं रक्त येते, तसं?"

"तसंच."

"मंग अन्न नाही बाटलं?"

"नाही हो, काही बाटलं नाही. पण तुम्ही ऐकताय ना? गाठ आहे म्हणतेय मी."

ती ऐकत नव्हती. ती रडत होती, तोंड उघडं टाकून, लहान पोर रडतं तसं, आणि मधूनच हसत होती. "इटाळ नोहे व रुख्मिणी," म्हणाली. मग उठली, मागच्या दाराने जाऊन अंगावर चार तांबे घेतले, लुगडं बदललं आणि भरदुपारी देव्हाऱ्यापुढे जाऊन बसली. मी तिला मरणाची बातमी दिली होती, आणि तिने त्यातलं आपल्याला हवं तेवढंच उचललं होतं. मला तिची कीव आली, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला.

सांगू नका म्हणून ती माझ्या पाया पडली होती. मी ते ऐकलं नाही. ओट्यावर जाऊन पुंजाजींना आणि उद्धवला सगळं सांगितलं, रक्तासकट. असले शब्द त्या ओट्यावर कधी उच्चारले गेले नसतील. पुंजाजींच्या हातातली माळ थांबली. उद्धव आधी माझ्याकडे बघत राहिला, मग कोठ्याकडे, जिथे ते गोणपाट अजून पसरलेलं होतं. तो उठला. मला वाटलं बायकोला काही बोलेल. तो गेला आणि ते गोणपाट उचलून उकिरड्यावर फेकून आला, आणि बैल सोडायला लागला.

"आता लगेच नको," मी म्हटलं, "चिठ्ठी घ्यावी लागेल डॉक्टरांची."

"मंग चिठ्ठीच आणाले जातो," तो म्हणाला.

ते तिला मेहकर, मग अकोला, मग आगगाडीने नागपूर असं घेऊन गेले. रुख्मिणी सोबत गेली. पुंजाजी घरी राहिले आणि म्हणे स्वतः भाकरी थापायचे, जाड, कच्च्या. पौष सगळा गेला. मी रोज दवाखान्यात बसत होते आणि आता प्रत्येक बाईला टेबलावर घेत होते, बाहेरची असो नाहीतर नसो. चादर नसली तर वर्तमानपत्र अंथरून. रांग ओसरीवरून रस्त्यावर जायला लागली. डॉक्टर म्हणाले, "बाई, असं केलं तर संध्याकाळपर्यंत निम्म्या बाया तशाच परत जातील." जायच्याच.

माघात रुख्मिणी आली. दुपार होती, रांग नुकतीच सरली होती. मुलगी घरी ठेवून एकटीच आली होती. पाच महिने माझ्यापुढे लालभडक पापण्या घेऊन उभी राहिलेली ती बाई आता खरोखर वाळली होती. तिने पदराच्या गाठीतून नागपूरचा कागद काढून दिला. इंग्रजीत होता. मी वाचला. आजूबाजूला पसरलेलं आहे, शस्त्रक्रिया होण्यासारखी नाही, रेडियमचा फायदा होणार नाही, घरी न्यावं, वेदना कमी करणारं औषध द्यावं. खाली एका ओळीत डॉक्टरणीने लिहिलं होतं, पेशंट चार-पाच महिने आधी आली असती तर उपचार शक्य होते.

"कशा आहेत?" मी विचारलं.

"निजूनच राह्यतात. पाठ धरून बसवलं तं फुलं वाहतात देवाले. दुखते लय. दुखाच्या गोळ्या द्या म्हणे तिथल्या बाईनं."

मी कोरा केसपेपर ओढला. नाव, मनकर्णाबाई पुंजाजी. डॉक्टरांनी लिहून दिलं, मी गोळ्या मोजून पुडीत बांधल्या, कशा द्यायच्या ते सांगितलं. तिने ऐकलं, पुडी कमरेला खोवली, आणि दारापर्यंत गेली. तिथून परत वळली.

"बाई."

"काय?"

"त्या कागदावर शेवटी काय लिहेल हाय? आमच्या यायले इंग्रजी येत नाही. तिथल्या बाईले मी इचारलं तं ते काही बोलली नाही, निसती माह्याकडं पाहत राह्यली." तिने चौकट धरली होती. "आखाडात मी पह्यल्यांदा आली तुमच्यापाशी. तवाच खरं सांगतलं असतं, का हे माहं नाही, आत्याबाईचं हाय, तं वाचल्या असत्या का त्या?"

मी खोट्यावर चिडणारी बाई आहे. बायका खोटं बोलतात म्हणून मी जन्मभर त्यांना फाडफाड बोलले, तिच्या घरच्या आतल्या खोलीत हिलाही बोलले होते. कागद माझ्या हातात होता. मी तो घडी घातला, एकदा, दोनदा.

"नाही," मी म्हटलं. "तेव्हाही उशीरच झाला होता. तसंच लिहिलंय."

"खरं?"

"खरं."

तिने मोठा श्वास सोडला. तिचे खांदे एकदम खाली आले. "बरं झालं बाई, तुमी सांगतलं ते," ती म्हणाली. "लय दिसाचं छातीवर होतं." आणि माझ्यासारख्या बाईला, जिने पाच वेळा तिची पापणी बघितली होती, वाकून नमस्कार करून गेली.